अकरा नंबरच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, मी कतारमधल्या दोहा शहरात, लहान मुलांच्या एका इस्पितळात, अकरा नंबरच्या खोलीत राहणारी जुनी खुर्ची आहे. खटका ओढला की माझी पाठ मागे जाते, पायाखालची फळी पुढे येते आणि माणसाला आरामात झोपता येतं, असं माझ्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. लिहिणारा माझ्यावर कधी झोपलेला नसावा.

समोरच्या भिंतीवर फलक आहे: 'कुटुंब हा उपचाराचा भाग आहे.' त्या भागाला बसायला मी.

माझ्यावर आया बसतात. मी त्यांना वजनावरून ओळखते. भरती झाल्याच्या दिवशी बाई जड असते, तिच्याबरोबर सगळं घर येऊन बसतं. मग ती हलकी होत जाते. दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्यावर त्रेसष्ट दिवस बसली. तिचं नाव मला ठाऊक नाही. फाइलवर नाव मुलाचं असतं. चौसष्टाव्या दिवशी दुपारी पलंग रिकामा झाला आणि तिला दोघांनी धरून नेलं. मला जंतुनाशकाने पुसण्यात आलं, दोनदा. पण गादीतला खळगा काही वर आला नाही. बाई गेली होती, वजन उठलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने मला दाबून पाहिलं आणि कागदावर 'दोष नाही' असं लिहून तो निघून गेला.

मग रिदा आली. याच शहरातल्या अल थुमामा भागातली, सहा वर्षांची. दिवसाला वीस-वीस झटके. तीन औषधं हरली, म्हणून डॉक्टरांनी आहाराचा उपचार धरला. लोणी, मलई, अंडं, सगळं ग्रॅममध्ये तोलून, आणि साखरेचा कणही नाही. त्याने रक्तातला एक आकडा चढतो आणि झटके थांबू शकतात. तो चढत नव्हता.

तिची आई रिफत माझ्यावर बसायला आली, तेव्हा रिदा म्हणाली, "नॉट देअर, अम्मी. आंटी इज सिटिंग."

"कोण आंटी?" म्हणत रिफत बसली. गादी ऊबदार लागली. तिने हात लावून पाहिला, मग एसीकडे पाहिलं. इस्पितळात आया बऱ्याच गोष्टी एसीवर ढकलतात.

नवव्या दिवशी आहारतज्ज्ञ गौरी आली. पुण्याची, दोन वर्षांच्या करारावरची, रिफतशी मराठीत बोलणारी एकटीच.

"रिफतताई, खरं सांगा. बाहेरचं काही देता का?"

"एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी मी पुन्हा तोलते. मी देईन?"

"गुरुवारपर्यंत आकडा आला नाही, तर आहार बंद करतील. मग डोक्याच्या ऑपरेशनची बोलणी."

रिफतने माझा हात असा धरला की शिवण उसवली.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. रोज दुपारी रिफत खाली आहाराचं तोलमाप शिकायला जायची, तेव्हा नातीपाशी दादी असायची. दादी म्हणजे रिफतची सासू रुकैया, रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आलेली. तिच्या घरी आजारी पोराला दुवा पढून फुंकलेली खडीसाखर देत. ती चमचाभर खडे रिदाच्या तोंडात घाली आणि पुडी माझ्या गादीच्या फटीत खोची.

"अम्मीला बोलू नको. हे औषध नाय, दुवा आहे."

"ओके, दादी," म्हणत रिदा चघळायची आणि माझ्याकडे बघत राहायची. माझ्यावर तेव्हा कुणीच बसलेलं नसे. निदान दादीला तसं वाटे.

या गोष्टीत वाईट माणूस शोधाल तर सापडणार नाही. इस्पितळात तो क्वचितच असतो, म्हणून तर पंचाईत होते.

बुधवारी दुपारी आकडा पुन्हा खालीच आला. गौरी माझ्यासमोर उभी, रिफत भिंतीला टेकलेली, दादी पलंगाच्या कडेला. मी रिकामी. तेवढ्यात माझा खळगा आणखी खोल गेला आणि खटका ओढला गेला. मी ओढला नाही. मला हात आहेत, पण ते टेकायचे. पाठ सावकाश मागे गेली, फळी पुढे आली, आणि पुडी गौरीच्या बुटांवर पडली. खडे फरशीभर झाले.

"शी डिड इट," रिदा म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. तिकडे कुणी पाहिलं नाही. सगळे दादीकडे पाहत होते.

"अम्मा, हे तुम्ही?" रिफत भिंतीपासून पुढे आली.

दादी खाली बसून खडे वेचू लागली. "फुंकलेलं आहे ग. पायाखाली नको यायला. तिचा बाप यावरच बरा झालेला."

गौरीही तिच्याशेजारी बसून वेचू लागली. "दादी, फुंकायला साखरच लागते का?"

"नाय. काहीपण चालतं. देणारा वरचा."

"मग मलईवर फुंका. मी तोलून देते, दिवसातून तीनदा. चुकवायचं नाही. पण मास्क लावून."

"मास्कमधून पोचेल?"

गौरीने हातातला खडा पुडीत टाकला. "झाकणातूनसुद्धा पोचत असणार."

गौरीने फाइलमध्ये लिहिलं: 'साखर बंद. आजी चालू.' डॉक्टरांनी गुरुवारी आणखी एक आठवडा दिला. पाचव्या दिवशी आकडा चढला. वीस झटक्यांचे सात झाले, सातांचे दोन, आणि मग एक अख्खा दिवस कोरा गेला. त्या दिवशी रिफत भर दुपारी माझ्यावर झोपली, तोंड उघडं टाकून. माझ्यावर दोघींचं वजन होतं. आधीची बाई जरा सरकून जागा करून देत होती.

घरी जायच्या दिवशी रिदाचे अब्बा फुजैल गाडी घेऊन आले. "यल्ला, चला." सगळे बाहेर पडले. रिदा मात्र दार धरून उभी राहिली.

"कुणासाठी थांबलीस?"

"वेट, अब्बा. शी इज स्लो."

माझी गादी हळूहळू वर येऊ लागली. पूर्ण सपाट झाली, तेव्हा रिदाने दार सोडलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आजारी मुलाला भेटायला याल, तेव्हा हातात काय आहे ते आधी नर्सला दाखवा. आणि निघताना दार लगेच सोडू नका. त्रेसष्ट दिवस बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो.