पान उघडतंय, रिपोर्ट येत नाही

नम्रता ढोकेला आपल्या स्क्रिप्टचा अभिमान होता आणि तो तिने कधी लपवलाही नव्हता. यवतमाळहून पुण्यात शिकायला आलेली ही मुलगी आता वारज्यातल्या फ्लॅटवर बसून एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट चालू आहेत की बंद पडल्या, हे माणसाने डोळ्यांत तेल घालून बघत बसायला नको, म्हणून तिने ती स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. स्क्रिप्ट दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरला हाक मारी. त्याने ओ दिली की पडद्यावर हिरवी खूण. नाही दिली तर लाल, आणि नम्रताच्या फोनवर लगेच मेसेज.

त्या सोमवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या डॉ. श्रीधर पानशांच्या पॅथॉलॉजी लॅबमधून फोन आला. काउंटरवरच्या शालूताई बोलत होत्या. पान उघडतंय, पण पेशंटचा नंबर टाकला की नुसतं गोल फिरत राहतं, रिपोर्ट येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढ्यात रांग लागली होती. रांगेतल्या एका बाईंच्या नवऱ्याचं दुपारी ऑपरेशन होतं आणि रिपोर्टाशिवाय हॉस्पिटल त्याला आत घेणार नव्हतं.

नम्रताने पडद्याकडे पाहिलं. लॅबच्या नावापुढे हिरवी खूण होती. आमच्याकडून सगळं चालू आहे, तुमचं इंटरनेट तपासा, असं तिने सांगितलं. शालूताईंनी ते तपासलं होतं, स्वतःच्या मोबाइलवरूनही करून पाहिलं होतं. मग नम्रता वैतागली. फोन स्पीकरवर आहे हे तिला मागच्या गलक्यावरून कळत होतं. तरी ती म्हणाली, "मग तुम्हाला वापरता येत नसेल. कुणातरी शिकलेल्याला बसवा ना काउंटरवर."

नम्रताने फोन ठेवला आणि हिरव्या खुणेचा फोटो डॉक्टरांना पाठवून दिला. खाली लिहिलं, अडचण तुमच्या बाजूची आहे.

दुपारी दुसऱ्याच कामासाठी ती त्या सर्व्हरवर शिरली आणि तिचं धाबं दणाणलं. रिपोर्ट साठवायची डिस्क गच्च भरली होती. सर्व्हर हाकेला ओ देत होता, पण पोटातून एकही रिपोर्ट बाहेर सोडत नव्हता. स्क्रिप्ट फक्त दार उघडतं का ते बघत होती. आत काही हलतंय का, हे तपासायचं लिहिणारीलाच सुचलं नव्हतं. तिने जुना कचरा काढून जागा केली. रिपोर्ट धडाधड येऊ लागले. चूक कुणाची होती, हे कुणाला कळलं नाही. संध्याकाळी सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

त्याआधीच डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तिचे आभार मानले. ते ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं म्हणाले. "चूक आमचीच. आपण पुराव्यानिशी दाखवलंत. शालूबाईंना मी तिथंच, सगळ्यांसमोर बोललो. उद्यापासून त्या आत बाटल्यांना लेबलं लावतील."

नम्रताने तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, "बरं, सर."

फोन ठेवल्यावर त्या 'बरं'ने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती शाळेत असताना यवतमाळच्या बँकेत एका कारकुनाने तिच्या आईला, शिकलेलं कुणीतरी घेऊन या, म्हणून खिडकीवरून परत पाठवलं होतं. आई वाटभर बोलली नव्हती. आज तेच शब्द आपल्या तोंडून गेले.

दुसऱ्या दिवशी ती स्कूटर काढून लॅबमध्ये गेली आणि डॉक्टरांच्या खोलीत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आपला सर्व्हर उभा होता. आमचे पेशंटही उभेच होते."

डॉक्टरांनी शालूताईंना बोलावलं. केस पिकलेल्या, हातात रबरी मोजे. नम्रताने त्यांची माफी मागितली.

शालूताई शांतपणे म्हणाल्या, "काल स्पीकरवर बोललात. आज दार लावून सांगताय."

नम्रता बाहेर गेली. बाकांवरच्या लोकांसमोर उभी राहून तिने सांगितलं, की काल रिपोर्ट मिळाले नाहीत ती चूक माझी होती, शालूताई बरोबर सांगत होत्या, आणि मी त्यांना नको ते बोलले. लोक एकमेकांकडे बघू लागले. कालचं त्यांतलं कुणीच नव्हतं. दंडावर कापूस धरून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पण आजचे मिळणार ना?"

"मिळतील," ती म्हणाली. कालची माणसं शालूताईंबद्दल आपलं मत घेऊन घरी गेली होती. त्यांना आता कुठे गाठणार?

डॉक्टर दारात आले. शालूताईंना काउंटरवर बसायला सांगून, माझंही चुकलं, म्हणाले, पण इतक्या हळू, की ते दोघींनाच ऐकू गेलं. नम्रताने ऑपरेशनवाल्या बाईंचा नंबर मागितला. शालूताईंनी दिला नाही. "मी कालच केला फोन. गुरुवारी आहे त्यांच्या मिस्टरांचं ऑपरेशन. तुम्ही नका करू."

घरी येऊन नम्रताने स्क्रिप्ट बदलली. आता ती नुसती हाक मारून थांबत नव्हती. दर वेळी एक नमुन्याचा रिपोर्ट उघडून बघायची. तरीही लॅबचा फोन आला, की नम्रता पडद्याकडे पाहायच्या आधी विचारायची, "काय दिसतंय, ताई?" शालूताई नेमकं सांगायच्या. एक शब्द जास्त नाही.