पासंग

प्रमाण वजनाला हात लावायचा नसतो. चिमट्यानं उचलायचं, तेही श्वास आवरून. बोटाचा नुसता ठसा उमटला तरी वजन वाढतं, आणि ते वाढलेलं डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. काटेकाकांनी ही गोष्ट नव्या लोकांना इतक्यांदा सांगितली होती की सांगताना आता त्यांना स्वतःचाच कंटाळा यायचा. तीस वर्षं झाली. मखमलीचं अस्तर असलेली वजनांची पेटी खांद्याला अडकवून गावभरचे काटे तपासण्यात गुडघे गेले, चष्मा जाड झाला, आणि मूळचं नाव काय हे पगारपत्रकाखेरीज कुणाला माहीत राहिलं नाही.

मंगळवारी दारूगोळ्याचा कारखाना, बुधवारी औषधांची संशोधन संस्था. पेटी तीच, वजनं तीच, गुडघेही तेच.

कारखान्यात शिरायला तीन फाटकं. प्रत्येक फाटकावर खिसे उलटे करायचे, पट्टा काढायचा, चपला सोडून कापडी सपाता घालायच्या. मग एकदाची ती गारढोण खोली. दगडी टेबलांवर सहा काटे ओळीनं मांडलेले, नव्या नवरीसारखे झाकून ठेवलेले. कोपऱ्यात आणखी दोन, खोक्यातच. गेल्या वर्षी मंजूर झालेला पैसा वर्ष संपायच्या आत संपवायचा होता, म्हणून घेतलेले. वर्ष उलटलं तरी खोक्यांची चिकटपट्टी कुणी काढली नव्हती.

संस्थेत काटा एकच. तोही पूर्वी झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत. वारा लागून आकडा हलू नये म्हणून खिडकीच्या फटी बुजवलेल्या, पंख्याचं बटण दोरीनं बांधलेलं, आणि वर संशोधन करणाऱ्या बाईंच्या हातची चिठ्ठी: ‘पंखा लावेल त्याला पाप लागेल.’ तपासणीचा करार संस्थेनं यंदा पुढे वाढवलाच नव्हता. तरतूद नाही, असं कळवलं होतं. तिकडे जायचं नाही, असं काकांच्या साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं. तरी काका दर महिन्याला एका बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे आणि जाऊन काटा तपासून फुकट दाखला द्यायचे. कुणी विचारलं तर दात दुखतो म्हणायचे. ऑफिसात आता त्यांच्या दाताची सगळ्यांनाच काळजी लागली होती.

दात ठणठणीत होता. दुखणं घरी होतं.

काकांची थोरली बहीण, ताई, त्यांच्याजवळच राहायची. दोघंच घरात. हातापायांतल्या नसा हळूहळू मरत जाण्याचा आजार तिला जडला होता, आणि त्याची सुरुवात बोटांपासून झाली. आधी सुईत दोरा जाईना, मग कुलपात किल्ली, मग अंगातल्या कपड्याची बटणं. सात बटणं. दोन वर्षं रोज सकाळी काका भिंतीकडे बघत बहिणीची बटणं लावत होते आणि ताई छताकडे बघत होती. या वयात भावाकडून बटणं लावून घ्यायची वेळ यावी, यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणूनच ती तेव्हा काहीतरी थट्टा करायची. वरचं राहिलं बघ, तोलायला बसलास की काय, असं.

मग संस्थेत त्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. चाळीस रोगी, कुणाला कमी मात्रा, कुणाला जास्त. पूड मिलिग्रॅममध्ये तोलून दर आठवड्याला पुड्या भरायच्या. ताईचं नाव त्यात लागलं. ती आपली बहीण हे काकांनी तिथं कुणाला सांगितलं नाही, तिनंही नाही. चौथ्या महिन्यात एका सकाळी ताई खोलीतून बाहेर आली ती सातही बटणं लावून. एक बटण खालच्या काजात गेलं होतं, पण लावलेलं होतं.

“आज तुला सुट्टी,” ती म्हणाली.

काका मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

हे सगळं मनात असताना चाचणीच्या आठव्या महिन्यात एका बुधवारी काट्यानं दगा दिला. काकांनी वजन ठेवलं, आकडा तीन मिलिग्रॅम वर गेला. काढलं, पुन्हा ठेवलं, दोन खाली आला. आकडा एका जागी ठरेचना. काकांनी पहिला संशय स्वतःवर घेतला. हात थकले होते, सकाळी घाईत कुठं वजनाला बोट लागलं असेल. त्यांनी मऊ कापडानं वजनं पुसली, तासभर थांबले, दार लावून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. वजनं चोख होती. काटाच म्हातारा झाला होता. दुरुस्तीला सुटे भाग मिळत नव्हते हे त्यांनीच मागच्या वर्षी लिहून दिलं होतं.

बाई दारात उभ्या होत्या. काकांच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. त्या खोलीत आल्या नाहीत.

“काका, सहाच आठवडे राहिलेत,” त्या हळूच म्हणाल्या. “तेवढा ओढेल का?”

काकांनी विचारलं, तीन मिलिग्रॅमनं काय बिघडतं? बाईंनी खोटं सांगितलं नाही. कमी मात्रेवाल्यांचं फारसं काही नाही. पण वरच्या मात्रेला औषध यकृताला सोसेल त्याच्या उंबरठ्यावर असतं, तिथं थोडं जास्त झालं तर माणूस आजाराऐवजी औषधानं जायचा. शिवाय मापच खोटं ठरलं तर आठ महिन्यांतलं काय खरं मानायचं? नव्या काट्यासाठी त्या दोन वर्षं कागद पाठवत होत्या. कारखान्यात दोन काटे खोक्यात पडून आहेत, हे काकांच्या तोंडून निसटलं. बाई हसल्या, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

“आमची अख्खी संस्था त्यांच्या पासंगाला पुरायची नाही, काका.”

दाखला उद्या देतो म्हणून काका उठले. ताई वरच्या मात्रेत होती की खालच्या, हे त्यांना माहीत नव्हतं आणि बाईंनाही सांगायची मुभा नव्हती. त्यांनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

संध्याकाळच्या आत ते कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसले. तिथला कोठारवाला त्यांचा वीस वर्षांचा दोस्त. सगळे त्याला कुलूप म्हणायचे, कारण त्याच्या कोठारातून टाचणी बाहेर पडायची तर तीन सह्या लागायच्या. तो सुटल्यावर दोघं समोरच्या बाकड्यावर चहा घेत बसले आणि काकांनी एक खोकं मागितलं. नुसतं सहा आठवड्यांसाठी, उसनं.

कुलूप चिडला नाही. त्यालाही कंटाळा आला होता या सगळ्याचा. खोकं तिथं सडेल, पण फाटकाबाहेर जायचं नाही, असं तो म्हणाला. भंगारात काढलं तरी लष्कराचं भंगार बाहेर जात नाही, आतच चिरडतात. मग त्यानं काकांच्या गुडघ्यावर थाप मारली. तीन मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा नाही रे, कर सही आणि मोकळा हो, बहिणीचा जीव आहे, असं त्यानं समजावलं. ताईचं फक्त त्यालाच माहीत होतं.

“तुमच्याकडे चालतील का तीन मिलिग्रॅम?” काकांनी विचारलं.

कुलपानं पेला खाली ठेवला. त्याचा पुतण्या तोफखान्यात होता. एका गोळ्यात पूड जास्त भरली गेली आणि गोळा नळीतच फुटला, तेव्हापासून पुतण्याला उजवा हात नव्हता. कारखान्यात सहा काटे त्यानंतरच आले, आणि पैसा उधळला असं म्हणणाऱ्याशी कुलूप हमरीतुमरीवर यायचा. त्याचं चुकत होतं असं काकांना कधी वाटलं नव्हतं. आजही वाटलं नाही, आणि त्यामुळंच जास्त त्रास झाला. चोराचा पैसा असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

“आमच्याकडे नाही चालत,” कुलूप म्हणाला.

“तिथंही माणसंच आहेत,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी दाखल्यावर ‘वापरास अयोग्य’ लिहिलं, सही केली आणि काट्याला लाल पट्टी चिकटवली. बाईंनी कागद वाचला, घडी घातली, मान हलवली. खोलीला कडी घालताना त्यांनी पंख्याच्या बटणाची दोरी सोडली. आता लावला तरी हरकत नव्हती.

घरी आल्या आल्या काकांनी ताईला सगळं सांगून टाकलं. मनात एक आशा होतीच. त्यांच्या लहानपणी वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि तिथल्या तराजूच्या मालाच्या पारड्याखाली वडिलांनी मेणाचा गोळा चिकटवलेला असायचा. चोरटा पासंग. ताई बारा वर्षांची होती, तिला तो सापडला आणि तिनं नखांनी खरवडून काढला. त्यापायी तिनं असा मार खाल्ला होता की आठ दिवस तिला पाठ टेकता आली नव्हती, पण पुन्हा कधी मेण लागलं नाही. काकांनी काट्याचा धंदा धरला तो तिच्यामुळं. आपण बरोबर केलं हे दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला कळेल, असं त्यांना वाटलं होतं.

ताई एक शब्द बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. नंतर बोलायला लागली ती भाजीबद्दल, दुधाबद्दल.

नव्या काट्याचं उत्तर आलं, पुढच्या वर्षी विचार करू म्हणून. चाचणी बंद झाली. त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी ताईच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आला नाही आणि मग तिनं हाक मारली. “जरा ये रे.”

काका आत गेले. एकही बटण लागलेलं नव्हतं. बोटं कपड्यावर नुसती ठेवल्यासारखी पडली होती. ते वरून लावत आले, भिंतीकडे बघत. ताई थट्टा करत नव्हती. तिसऱ्या बटणाशी त्यांना ती शांतता सोसेना.

“ताई, बाबांच्या तराजूचं मेण तूच खरवडलं होतंस ना?”

“खरवडलं,” ताई छताकडे बघत म्हणाली. “तेव्हा माझी बोटं चालत होती.”

खालची चार बटणं राहिली होती. काकांनी ती एकेक करून लावली. मग हात पुसले, पेटी खांद्याला अडकवली आणि निघाले. मंगळवार होता. कुलपानं परवाच ती दोन खोकी उघडली होती, म्हणजे आज आठ काटे तपासायचे होते.