लाल गाडीचा गिअरबॉक्स

मी एक जुना गिअरबॉक्स आहे, मित्रांनो. वयाने म्हणाल तर फारसा नाही. माझ्या बरोबरीचे अजून रस्त्यावर धावताहेत. मी मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात झिजलेल्या टायरांशेजारी पडून आहे.

कारखान्यात मला एका लाल स्पोर्ट्‌स कारमध्ये बसवलं. मी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर आपणहून बदलणारा. माझ्या पोटात पातळ चकत्या होत्या. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरायच्या आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जायचा.

माझे मालक रंगारी. जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवून त्यांनी उतारवयात ही स्वतःची घेतली आणि तळहाताच्या फोडासारखी जपली. रंगावर साधा ओरखडा दिसला तरी त्यांना जेवण जात नसे. सुट्टीच्या दिवशी ते लेकीला घेऊन समुद्रावर निघायचे. बाबा बेसूर गायचे, लेक खिदळायची. काय दिवस होते ते!

लेकीला कामावर जायला रोज उशीर. फाटकातून गाडी मागे घेताना ती थांबायच्या आतच पोरगी मला पुढच्या गिअरमध्ये ढकलायची. सिग्नलला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून धरायची. मी तापून लाल व्हायचो, आणि बाबा तोंडभर कौतुक करायचे, “काय सुटते बघा आमची पोरगी!” खरं सांगतो, मलाही ते गोड वाटायचं.

“काका, गिअरबॉक्सचं तेल बदलू या. तापून तापून जळतंय ते,” मेकॅनिक म्हणाला.

“अरे, नवीकोरी गाडी आहे! उगाच तिचं पोट कशाला उघडायचं?”

पुढे गिअर बदलताना मी अडखळू लागलो.

“बाबा, गाडी झटके देते हं.”

“गार आहे अजून. तापली की होईल सरळ.”

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला बंदी केली. पुढच्या महिन्यापासून.

“एकदा समुद्रापर्यंत मी नेतो,” ते लेकीला म्हणाले. “मग किल्ली तुझी.”

शेवटच्या चढावर माझ्या चकत्या घसरू लागल्या. मी जिवाच्या आकांताने त्यांना धरायला बघत होतो, पण जळक्या तेलात दाबच उरला नव्हता.

“काय झालं, बाबा?”

“नुसती ओरडतेय गं. हलत नाही.”

त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मग खाली उतरून ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. “वास येतोय बघ समुद्राचा,” एवढंच म्हणाले.

गॅरेजमध्ये मला उघडलं. बाबांनी माझं काळं तेल बोटांवर चोळून पाहिलं. “वरून कधी कळलंच नाही रे,” ते मेकॅनिकला म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं.

नवा गिअरबॉक्स बसेपर्यंत तो महिना संपला, आणि बाबांची बंदी सुरू झाली. आता गाडीत तो नवा गिअरबॉक्स आहे. लेक गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गिअर बदलत नाही, तेलही वेळेवर बदलते. बाबा शेजारच्या सीटवर बसून समुद्रावर जातात.

मित्रांनो, गाडी पुसा, जरूर चमकवा. पण ती अडखळली तर कानाडोळा करू नका; आतल्यांचीही विचारपूस करा. बाबांना स्वतः गाडी चालवत समुद्र गाठायचा होता. एक चढ राहिला होता फक्त, आणि तो मला चढवता आला नाही.