मशीनला थंडी वाजली

माकुणसारच्या कमलाकांत शेठनं बेटेगावात ग्रीनहाऊस बांधलं, तेव्हा हंसावैनी माझ्याबरोबर बघायला आली. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आत ढोबळी मिरचीची रोपं बांधायला या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या तारा ताणलेल्या. वैनी बराच वेळ वर बघत राहिली.

"भावजी, हे तर बोंबील सुकवायलाच बांधलंय."

मी हसलो. पण आठवड्याभरात भर थंडीत आभाळ भरून आलं. वैनीचे बोंबील नवापूरच्या किनाऱ्यावर अर्धवट सुकलेले. आता भिजले की अळ्या पडणार, मग सगळी मेहनत माडाच्या बुंध्यात खत म्हणून. दादा बोटीवर. वैनीनं टोपल्या माझ्या बर्फाच्या टेंपोत चढवल्या आणि पुढं येऊन बसली. "चला बेटेगावला."

तिथं मशीन सांभाळायला नागोराव होता, लातूरकडचा. "रोपं उद्या येणार, आज सांजच्याला उद्घाटन हाय," तो म्हणाला. "जागा मोकळीच हाय. पण हे मशीन लई आगाऊ. आत गरम झालं की आपोआप वरच्या नळ्यांतून पाणी फवारतंय. बोंबलाचं कालवण व्हईल."

"मशीनला गरम कळतं कसं?"

त्यानं मधोमध टांगलेली पांढरी डबी दाखवली. एवढीशी डबी आणि एवढा रुबाब. माझे हात शिवशिवले. आमी बोंबील तारांवर टाकले आणि मी टेंपोतला बर्फ पिशवीत भरून डबीला बांधला.

पंखे थांबले. खिडक्या आपोआप मिटल्या. मग कोपऱ्यातून घुर्र करून गरम हवेचा झोत आला. नागोराव दचकला. "हे कदीच चाललं नव्हतं. परदेशात बर्फ पडतो म्हनून बसवत्यात."

"मग? इथंपण पडलाय," मी म्हटलं.

वैनी त्या हवेत हात पसरून उभी राहिली. "दोन तास दे रे बाबा," ती मशीनला म्हणाली.

तासाभरातच दारात गाड्या थांबल्या. भटजींनी शेठचा मुहूर्त अलीकडे ओढला होता. शेठ, मागून बँकेचे लोक, गावातली मोठी माणसं आणि मशीनच्या कंपनीचा कोटवाला साहेब. बोंबील बघून शेठचा चेहरा पडला. त्यानं मला बाजूला ओढलं.

"रामू, हे काय?"

"तारा वजन झेलतात काय, ते बघतोय."

"बोंबील लावून?"

"मिरची लावून बघायला मिरची कुठं हाय, शेठ?"

वैनी मधे पडली. "आता काढले तर कुजतील. जरा कळ काढा. पोटावर पाय देऊ नका." शेठनं तिच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि नारळ फोडला.

साहेबानं दार लावायला सांगितलं. "याला माणसाचा हात लागत नाही. उष्णता वाढली की वरच्या नळ्यांतून आपोआप धुकं पडेल. पाहाच."

सगळे बोंबलांच्या रांगांत उभे राहिले. उष्णता वाढली. धुकं काय पडेना. बँकेच्या म्यानेजरनं टाय सोडला. साहेबाच्या नाकावरून घाम बुटांवर टपकत होता.

"हातानं चालवायची चावी हाय की, साहेब," नागोराव म्हणाला. बर्फाचं त्यानं तोंडातून काढलं नाय.

"हात लावायचा नाही. मग ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं?"

वैनीनं साहेबाला मनापासून नमस्कार केला. मग एक बोंबील वाकवून बघितला. वाकला, म्हणजे अजून ओला. थोड्या वेळानं दुसरा. तो जवळजवळ मोडला. मी बोंबलांच्या आड लपलेल्या डबीकडे सरकलो. पिशवीत बर्फाचा लिंबाएवढा खडा राहिलेला. मी वैनीला डोळ्यानं खुणावलं.

"नुसते उभे काय राहिलाय?" वैनी पाहुण्यांना म्हणाली. "हात लावा की. साहेब मशीनला लावू नका म्हणाले, बोंबलाला नाय."

त्या भट्टीत माणसाला काहीतरी काम पायजेच होतं. आधी म्यानेजरनं हात घातला, मग सगळ्यांनी. शेठ स्टुलावर चढला. साहेब नाकाला रुमाल लावून टोपली धरून उभा. भरलेल्या टोपल्या मी दाराबाहेर पडवीत ढकलत होतो. शेवटची रांग उतरली आणि खडखड करत खिडक्या उघडल्या.

"म्हटलं होतं ना," साहेब म्हणाला, आणि धुकं पडलं. भिजलेल्या पाहुण्यांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की शेठ लाजला.

"पण उशीर का झाला?" साहेब मला विचारत होता.

"नवी जागा, साहेब. बुजलं असंल."

पडवीत वैनीनं बोंबील मोडला. काटकीसारखा कडकन वाजला. तेव्हा कुठं ती खाली बसली. मग एक जुडी बांधून तिनं शेठच्या हातात दिली.

"पुन्हा असं करणार नाहीस ना, बाई?" शेठनं जुडी कोटाखाली सरकवत विचारलं.

"आता तुमची मिरची येईल, जागा कुठंय?" वैनी म्हणाली. "पण दुसरं बांधाल ना, तेव्हा तारा वीतभर खाली घ्या. मान दुखते."