सुतळीच्या गठ्ठ्यातलं कॉस्टिंगचं पुस्तक

मित्रांनो, दोनदा बांधणी झालेलं, कोपरे झिजलेलं आणि पाठीवर लाल पट्टी मिरवणारं मी एक जाडजूड पुस्तक आहे. विषय कॉस्टिंग, म्हणजे माल बनवायला किती खर्च येतो त्याचा हिशेब. लगेच तोंड वाकडं करू नका. भाईंदरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझा मुक्काम आहे, आणि परीक्षा जवळ आली की गोष्टीच्या पुस्तकांना कुणी विचारत नाही, सगळे माझ्या मागे!

त्याला कारण आहे. माझ्या लेखकाने कारखान्याचा अवघड हिशेब एका खानावळीचं उदाहरण घेऊन सोप्या मराठीत समजावला. मराठी शाळेतून आलेली मुलं इंग्रजी पुस्तकापुढे हिरमुसली की माझ्याकडे येत. पुढे माझा छापखाना बंद पडला, माझी भावंडं मिळेनाशी झाली आणि माझ्या पाठीवर लाल पट्टी आली. म्हणजे इथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. झेरॉक्सलाही बंदी, कारण उताणं दाबलं की माझी शिवण उसवते.

पण लाल पट्टीच्या नशिबी एक भोग असतो. मुलं आम्हाला लपवतात. चोरत नाहीत हं! उद्या आल्यावर आपल्यालाच मिळावं म्हणून भलत्याच कपाटात सरकवून जातात. मी भूगोलात राहिलोय, पाककृतींत राहिलोय. बागकामाच्या पुस्तकांमागे तर अख्खी दिवाळी काढली.

यंदा मला लपवलं ते दुर्गाने. ही मुलगी दिवसभर केबिन रोडवरच्या कटलरीच्या दुकानात उभी राहायची आणि संध्याकाळी कॉलेजला यायची. कॉस्टिंगमध्ये एकदा नापास झालेली. या खेपेला राहिली तर वर्ष जाणार. घर एका खोलीचं, त्यात भावाचं तान्हं बाळ. अभ्यासाला जागा एकच, आमचा वाचनकक्ष. पेपर दोन दिवसांवर आला तेव्हा निघताना तिने मला खिडकीजवळच्या कपाटात, खालच्या खणात, जुन्या वार्षिकांकांच्या मागे ढकललं.

"बस इथे गुपचूप," ती पुटपुटली. तिच्या तळहाताचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागला.

दुसऱ्या दिवशी नेमकं तेच कपाट रिकामं करायचा हुकूम आला. खिडकीपाशी नवं कॉम्प्युटरचं टेबल बसणार होतं. जुने अंक रद्दीत जायचे होते. दशरथदादा आमचे जुने शिपाई. त्यांनी मागचं-पुढचं न बघता अख्खा खण उचलला आणि सुतळीने करकचून आवळला. मी मधोमध चेंगरलो. बाहेर दिसत होती ती फक्त माझ्या लाल पट्टीची कडा.

"दादा, जल्दी करो ना," रद्दीवाला दारातून ओरडला. "नीचे गाडी के पीछे सब हॉर्न मार रहे हैं!"

तेवढ्यात काउंटरवर नीरज सरांचा आवाज आला. ते संध्याकाळच्या मुलांना कॉस्टिंग शिकवत. "मनोरमा मॅडम, ते लाल पट्टीवालं कुठंय? कॉम्प्युटर तर उपलब्ध दाखवतोय."

"कॉम्प्युटरला काय जातंय दाखवायला!" आमच्या ग्रंथपाल मॅडम कडाडल्या. "सकाळपासून शोधतेय मी."

"आज शेवटची उजळणी आहे हो. सगळी गणितं त्यातलीच घ्यायची होती."

"ज्याने लपवलंय तो सापडू दे फक्त. परीक्षा संपेपर्यंत त्याचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये. वाचनकक्ष बंद म्हणजे बंद!"

दुर्गा तेव्हाच दारातून आत येत होती. तिने ते ऐकलं. मग तिला रिकामा खण दिसला, मग गठ्ठे, मग माझी लाल कडा. ती जागच्या जागी थिजली. तिची मैत्रीण दिव्या शेजारीच होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिने दुर्गाचं मनगट घट्ट धरलं.

"गप्प बस हां. बोललीस तर कार्ड गेलं. मग काय पाळण्यात बसून अभ्यास करणारेस?"

दशरथदादांनी गठ्ठा खांद्यावर घेतला. मी वर उचलला गेलो. दार जवळ आलं. माझ्या पोटात इतके शब्द, मित्रांनो, पण एक हाक मारता येईना! दार मागे पडलं. जिना आला. दादांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"दशरथदादा, थांबा! त्यात लाल पट्टीवालं आहे. मी… मीच ठेवलं होतं तिथे."

"अब क्या हुआ?" रद्दीवाला वैतागला.

दादांनी गठ्ठा परत आत आणला. ब्लेडने सुतळी कापली. मी बाहेर आलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी दुर्गापुढे हात पसरला.

"कार्ड."

"मॅडम, उद्या माझा पेपर…"

"आणि बाकीच्यांचा काय पुढच्या वर्षी आहे?"

दुर्गाने कार्ड दिलं. नीरज सर मध्ये पडले, "मॅडम, या वेळेपुरतं जाऊ द्या ना."

"नाही सर. सगळ्यांसमोर बोललेय मी." ड्रॉवर धाडकन बंद झाला. सरांनी मला उचललं तशा मॅडम पुन्हा म्हणाल्या, "ते वर्गात नाही जायचं. लाल पट्टी आहे. वर्गालाच इथे आणा."

"आणि ही?" सरांनी हळूच विचारलं.

मॅडम रजिस्टरची पानं उलटत राहिल्या. "वाचनकक्षाला कार्ड लागतं. तुमच्या वर्गाला काय लागतं ते तुम्हाला माहीत."

सर हसले. "हजेरी! चल गं दुर्गा, खुर्च्या लाव."

त्या संध्याकाळी मोठ्या टेबलाभोवती सगळा वर्ग दाटीवाटीने बसला. दुर्गा मोठ्याने माझी गणितं वाचत होती आणि बाकीचे उतरवून घेत होते. ग्रंथालय बंद व्हायची वेळ टळून गेली, तरी मॅडमनी दिवे घालवले नाहीत. निकालाचं विचाराल, तर तो अजून लागायचाय. कार्ड मात्र ठरल्याप्रमाणे परीक्षेनंतरच परत मिळालं.

मित्रांनो, एक मागणं आहे. वाचून झालं की मला माझ्या जागेवर ठेवत जा. तुमच्या मागून येणाऱ्याला हात घातल्याबरोबर सापडू दे. मी कुठे पळून जात नाही हो. उद्या याल तेव्हा कदाचित दुसऱ्या कुणाच्या हातात असेन, इतकंच. तेव्हा खुर्ची ओढा आणि त्याच्या शेजारी बसा. माझं पान दोघांना पुरतं.