टायगरची साखळी

बापूजींच्या कुत्र्याचं नाव टायगर. गावापासून दोन कोसांवर, मोहर्लीच्या जंगलात, खरे वाघ पोटासाठी उन्हातान्हात वणवण करत होते, आणि हा टायगर तूपभात खाऊन इतका फुगला की त्याचे मागचे पाय सुजले. चांद्याहून ढोरांचा डॉक्टर आला. त्याने कुत्र्याचे पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, रोज तिसऱ्या प्रहरी सपाट जागेवरून, सावलीतून, अर्धा कोस फिरवा.

त्याच महिन्यात चांद्याच्याच दवाखान्यात माणसांच्या डॉक्टरने गावातल्याच भागीरथेच्या सासऱ्याचे, मासे धरणाऱ्या मनसाराम ढिवराचे, गुडघे दाबून पाहिले होते. म्हाताऱ्याला रोज सपाट जागेवरून, सावलीतून थोडं थोडं चालवा, नाहीतर पाय आखडतील आणि पावसाळ्यापर्यंत तो खाटेला खिळेल, असं त्याने बजावलं होतं.

आता चिचबोडी गावात सपाट आणि सावलीची जागा एकच, तलावाची पाळ. या टोकाला बापूजींचं घर, त्या टोकाला सांडवा, आणि मधल्या बांधावर ओळीने बावीस जांभळी. वैशाखात सगळं गाव भट्टीसारखं तापायचं तेव्हा पाळीवर गार वारा असायचा. तिथून रोज कुत्रं फिरत होतं. त्याला फिरवत कोण होतं? बापूजींचा गडी डोमा, भागीरथेचा नवरा, मनसारामचा सख्खा मुलगा. बाप मात्र घरात खाटेवर बसून स्वतःचे गुडघे चोळत होता. आता सांगा, बाईने चिडायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

"अजी, कुत्र्याले फिरवता, बापाले काऊन नाई?" तिने एक दिवस विचारलंच.

"बाबाले पाळीवर कसा नेऊ?" डोमा म्हणाला.

"काऊन? पाळीले काय काटे हायेत?"

"कुत्र्यासंगं गेलं तं कोणी काई म्हणत नाई. तसंच कसं जावं माणसानं?"

भागीरथेच्या हातात पाण्याचा गुंड होता. तो तिने असा आदळला की अर्धं पाणी अंगणात सांडलं. राग आला तो नवऱ्याचा आला, पण डोमा काही नवीन बोलत नव्हता हे तिलाही ठाऊक होतं. मालगुजारीच्या काळात ढिवरांनी पाळीवर चढायचं ते फक्त माती टाकायला, नाहीतर झाडांना पाणी घालायला. टोपली, कावड रिकामी झाली की खाली. मासळी घेऊन बाया बाजाराला जायच्या त्या पाळीखालच्या वाटेने, दगडगोट्यांतून आणि बोरीच्या काट्यांतून, डोक्यावर ऊन घेऊन. मालगुजारी गेली त्याला सहा वर्षं झाली. बापूजी मालगुजाराचे नुसते बापूजी उरले. पाळ सगळ्यांची, अशी गावात दवंडीसुद्धा पिटली गेली. ती लोकांच्या कानांनी ऐकली, पायांनी नाही ऐकली. खोटं कशाला बोला, भागीरथासुद्धा सहा वर्षं खालच्याच वाटेने जात होती. त्या रागात तिचा स्वतःवरचा रागही होताच.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तिने म्हाताऱ्याला उठवलं. "मामाजी, वाहणा घाला. फिराले जाऊ."

मनसाराम काठी टेकत निघाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण रस्ता त्याला पाठ होता. पाळीच्या चढापाशी बापूजींचं घर आलं तशा त्याने वाहणा काढून काखेत मारल्या आणि सवयीने खालच्या वाटेकडे वळला.

"मामाजी, तिकडे नाई. वरतं."

"वरतं?" म्हातारा जागीच थांबला. "नाई पोरी. इथून बरं हाय."

"त्या गोट्यांवून तुमचे पाय चालन काय? डॉक्टरनं सपाट सांगतलं ना? ही झाडं कोणं लावली?"

"मी लावली," मनसाराम म्हणाला. "कावडीनं पाणी घातलं."

"मंग चढा!"

तिने दंड धरला. म्हाताऱ्याने काठी जमिनीत रोवली आणि अंग असं जड केलं की अडलेला बैल परवडला. ओरडावं तर कोणावर? त्याला अडवायला समोर कोणीच नव्हतं. बापूजी आपल्या ओसरीत पेंगत होते. पाळ मोकळी होती. भागीरथेला वाटलं, कोणी लाठी घेऊन आडवा आला असता तर बरं झालं असतं, त्याला दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

तेवढ्यात डोमा टायगरला घेऊन बापूजींच्या फाटकातून बाहेर आला. साखळी खळखळली. तो आवाज ऐकून म्हाताऱ्याचं तोंड उजळलं.

"कुत्रं आलं काय? आण, मी नेतो त्याले." त्याने हात पुढे केला. साखळी हातात आली, आणि जो म्हातारा सुनेच्या ओढण्याने हलला नव्हता तो तीन दमांत चढ चढून पाळीवर गेला, अनवाणी, वाहणा काखेत.

भागीरथा पाहतच राहिली. तिचे डोळे भरले, पण ते रडू नव्हतं, संताप होता. बावीस झाडं लावणाऱ्या माणसाला त्यांच्या सावलीत जायला कुत्र्याची ओळख लागत होती. कुत्रं आपल्या हक्काने चाललं होतं आणि म्हातारा त्याच्या वशिल्याने!

"बरं झालं," डोमा खालून म्हणाला. "बाबाचंही काम झालं, कुत्र्याचंही."

"तुमी गप बसा," ती म्हणाली आणि पाळीवर चढली. सहा वर्षांत पहिल्यांदा. चढताना काही विशेष झालं नाही, याचाही तिला रागच आला.

टायगर दुसऱ्या जांभळीपाशी पोहोचला आणि पोट टेकून बसला. त्याला ना डॉक्टरची पर्वा होती ना सावलीची. म्हातारा पुढे, साखळी ताणलेली. "चाल बेटा, चाल," तो मागे न पाहता म्हणत होता. भागीरथा खाली वाकली. तिने पट्ट्याचा आकडा काढला. कुत्र्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, अंग झाडलं आणि ते दुडक्या चालीने घराकडे, तूपभाताकडे निघून गेलं. डोमाने खालून कपाळावर हात मारला.

मनसाराम चालत राहिला. मागे साखळी पाचोळ्यातून खरखरत येत होती, आणि तो तिच्याशी बोलत होता. "हे झाड दोनदा मेलं, बेटा. तिसऱ्या खेपेले लागलं." आणखी पुढे गेल्यावर म्हणाला, "याची जांभळं लई गोड. मले बाजारात विकत घ्या लागली." भागीरथा चार पावलं मागून ओठ चावत चालली होती. झाडामागून झाड गेलं. गुडघे कुरकुरले, पण थांबले नाहीत.

सांडव्यापाशी तो टेकला. धापा टाकत, पण खूश. "टायगर थकला असन," तो म्हणाला.

"मामाजी, साखळी ओढून पाहा."

त्याने ओढली. मोकळं टोक येऊन त्याच्या पायावर पडलं. त्याने ते चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"कवा सुटलं?"

"दुसऱ्या झाडापाशी. मीच सोडलं."

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो काठीला लटकत उठला आणि खाली उतरायची वाट शोधू लागला. तेव्हा भागीरथेचा बांध फुटला. "उतरा! उतरा खालतं! मी बी पाहते! वीस झाडं एकले चालत आले तुमी. काई झालं काय? आभाळ पडलं काय? कोणाले भेऊन राह्यले, मामाजी? त्या कुत्र्याले?"

म्हातारा थांबला. काठीने मागे, झाडांच्या दिशेने दाखवत म्हणाला, "सातव्या झाडाखालतं माह्यी माय बसली होती. तापानं फणफणली होती. जरा टेकते म्हणाली. मालगुजाराचा दिवाणजी दुरून येताना दिसला. त्यानं काई म्हटलं बी नव्हतं, पोरी. मीच तिले उठवलं. मीच तिले खालतं उतरवलं. उन्हात."

भागीरथेने झाडांच्या ओळीकडे वळून पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी गेली," मनसाराम म्हणाला, आणि त्याने काठी दगडावर हाणली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर अशी की टोक तडकलं. बारा वर्षांच्या संसारात भागीरथेने सासऱ्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं. गावाने त्याला देवमाणूस ठरवून टाकलं होतं. आता त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. त्याने साखळी तिच्याकडे भिरकावली. मग काखेतल्या वाहणा काढून जमिनीवर टाकल्या, पायाने चाचपडत एकेक घातली आणि पाळीवरूनच परत निघाला.

सातव्या झाडापाशी तो बसला. कोणी उठवलं नाही. आपल्या मनाने उठला तेव्हाच पुढे चालू लागला.

चढापाशी बापूजी उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून. एकटं परतलेलं कुत्रं त्यांच्या पायाशी धापा टाकत होतं. शेजारी डोमा मान खाली घालून उभा.

"मनसाराम," बापूजी म्हणाले. आवाजात राग कमी होता, नवल जास्त होतं. "कुत्रं तं एकलंच घरी आलं. मंग तू वरतं काय करून राह्यला?"

डोमा घाईने पुढे झाला. "मालिक, बाबाले दिसत नाई, म्हणून—"

"तू चूप," म्हातारा म्हणाला. आवाजाच्या अंदाजाने त्याने बापूजींकडे तोंड केलं. वाहणा पायात होत्या आणि त्या काढायला तो वाकला नाही.

"मी फिरून राह्यलो," तो म्हणाला.