हँडलमधला माणूस

विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला तीन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. तिला जागा मिळाली ती पाच माणसांच्या एका डिझाइन स्टुडिओत. तीन महिन्यांनी जाणारच म्हणून सगळे तिला ‘पाहुणी’ म्हणत. पाहुणचार मात्र असा, की पहिल्याच दिवशी स्टुडिओच्या मॅडमनी चारशे बारा फोटोंचं फोल्डर तिच्या गळ्यात मारलं.

फोटो दाराच्या पितळी हँडलांचे होते. हँडलं बनवणाऱ्या कंपनीचा कॅटलॉग निघायचा होता. प्रत्येक हँडलाच्या कडेने माउसने बिंदू टाकत जायचं, मागचं टेबल कापून काढायचं, ओरखडे घालवायचे. पितळेत कसलं प्रतिबिंब उमटलं असेल तर तेही पुसायचं.

पहिले दीडशे बरे गेले. एकशे त्रेपन्नाव्यात पितळेत एक माणूस दिसला. चौकड्यांचा शर्ट, कॅमेऱ्यावर वाकलेला, बोटाच्या पेराएवढा. तिने पुसला. पुढच्या फोटोत पुन्हा हजर. त्याच्याही पुढच्यात.

दिवसाला जेमतेम पंधरा व्हायचे. मनगट ठणकायला लागलं. डोळे मिटले तरी पितळ दिसायचं.

“आज काय केलंस गं?” घरी आई विचारायची.

“एक माणूस पुसला. पंधरा वेळा. जेवायला वाढ.”

“विद्यापीठात आता फडकं मारायला शिकवतात होय?” दादा म्हणायचा. एरवी तिने त्याला सोडलं नसतं. हल्ली उत्तर द्यायचंही जिवावर यायचं.

पुसता पुसता तो माणूस तिच्या ओळखीचा झाला. दोनशेच्या आसपास त्याने बाह्या दुमडल्या. दोनशे चाळीसला कमरेवर हात आला तो शेवटपर्यंत हलला नाही. तीनशेनंतर तो स्टुलावर बसूनच फोटो काढत होता.

सहाव्या आठवड्यात कंपनीने साठ हँडलांचं पॉलिश बदललं. ते फोटो नव्याने काढायचे होते, म्हणून मॅडमना भेटायला फोटोग्राफर आले. कमरेवर हात ठेवून दारात उभे राहिले आणि तिने ओळखलं.

“काका, उजवी बाजू दुखते ना?”

“तुला गं कुणी सांगितलं?”

“मी रोज तुम्हाला पुसते.”

काका स्क्रीनपाशी आले. वाकून बघू लागले. “एवढा म्हातारा दिसतो मी?”

“हँडल वाकडं आहे, काका.”

ते हसले, मग खुर्ची ओढून बसले. “माझी बायको पांढरं कापड धरायची. कॅमेऱ्याभोवती असं गोल धरलं की पितळेत नुसता पांढरा उजेड पडतो, माणूस पडत नाही. हे काम चालू असतानाच ती जिन्यावरून पडली. खांदा मोडला. मी कापड स्टँडला बांधून पाहिलं, पण प्रत्येक हँडलाचा बाक निराळा. कापड माणसानेच फिरवावं लागतं.”

ती तडक मॅडमकडे गेली. “साठ फोटोंतून काकांना पुसायला मला चार दिवस लागतील. कापड धरायला दोन.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या विद्यापीठाला चालेल?”

“नियमांत ‘प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहिलंय.”

“जा बाई.”

काकांच्या घराची पुढची खोली हाच स्टुडिओ होता. काकू गळ्यातल्या झोळीत हात अडकवून खुर्चीत बसल्या होत्या आणि हुकूम सोडत होत्या. “डावीकडे कलव. अजून. कोपर दिसतंय तुझं! पितळ चुगलखोर असतं, काही लपवत नाही.”

दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले. माउस परवडला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“दमलीस ना?” काकू म्हणाल्या. “मी बत्तीस वर्षं धरलं. फोटो बघून कुणी एकदाही म्हणालं नाही, कापड छान धरलंय म्हणून.”

“मी म्हणते, काकू. पहिले दीडशे मी अगदी जवळून बघितलेत. एकातही माणूस पुसावा लागला नाही.”

काकू खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, “कापड खाली आलंय तुझं.”

दोन दिवसांत साठ फोटो झाले, सगळे स्वच्छ.

इंटर्नशिपच्या तोंडी परीक्षेत सरांनी कॅटलॉग चाळून विचारलं, “यात तुझं काम कुठे दिसतं?”

“दिसत नाही, सर. दिसलं असतं तर चुकलं असतं.”

सरांनी बेताचेच गुण दिले. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

त्याच आठवड्यात कॅटलॉगची एक प्रत घेऊन ती काकूंकडे गेली. खांदा जुळला होता, पण हात डोक्याच्या वर जात नव्हता. कंपनीनेही कळवलं होतं, यापुढे हँडलांची चित्रं कॉम्प्युटरवरच बनतील, कॅमेरा नको. काका ते सहज सांगून गेले आणि खुर्चीत मागे रेलले.

काकूंनी कॅटलॉग मांडीवर घेतला. एकेका हँडलावर बोट ठेवत त्या पान उलटत होत्या.

“हे माझं की तुझं?”

तिने वाकून पाहिलं. “आता नाही सांगता येत, काकू.”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. काकांचा बसल्या जागीच डोळा लागला होता.